पूजेआधीची पंगत

डिसेंबर निम्मा सरला की बसवकल्याणच्या बाजारात वालाच्या, तुरीच्या, वाटाण्याच्या शेंगांचे ढीग लागतात आणि माझी चाल आपोआप मंदावते. एरवी भाजी घेणं म्हणजे शाळेतून घरी जाताना उरकायचं काम. पण येळवस जवळ आली की मी एकेका ढिगापाशी उभी राहते, शेंग मोडून दाणा बघते, पुढच्या गाड्यावर जाते, परत येते. भाजीवाले मला ओळखून आहेत. परवा एकानं मेथीची जुडी पुढं करत विचारलं, "बाई, तुमच्यात पूजा असती का ओ येळवशीची?"

"पूजा नसती. भज्जी असती," मी म्हटलं.

तो हसला आणि त्यानं मूठभर ओला हरभरा वरून टाकला. आमचं घर बौद्ध. आजोबांच्या काळात देव घराबाहेर गेले ते गेले. पण आजीनं भज्जीची कढई काही बाहेर जाऊ दिली नाही. देवाशी आपलं काही देणंघेणं राहिलं नाही म्हणून तुरीच्या कोवळ्या दाण्यांशी कामून भांडायचं, असं ती विचारायची.

येळवस म्हणजे वेळा अमावास्या. लातूर-उदगीरकडून इकडं बिदर-कलबुर्गीपर्यंतच्या पट्ट्यात हा सण आणि पलीकडच्या माणसाला तो समजावून सांगणं कठीण. त्या दिवशी गावं ओस पडतात. दुकानं बंद, एसट्या रिकाम्या, कुत्रीसुद्धा माणसांच्या मागं शेतात गेलेली. शेतात कडब्याची खोप उभी करतात, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडतात, पूजा करतात आणि मग जेवतात. जेवण म्हणजे सगळ्या शेंगादाण्यांची, बेसन लावलेली आंबटसर भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली गार अंबील. रस्त्यानं जाणारा कुणीही असो, त्याला हाक मारून बसवायचं. तोही नाही म्हणत नाही. नाही म्हणणं हे शिवी देण्यासारखंच.

हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. तरी येळवस मला खऱ्या अर्थानं कळली ती एका परदेशी म्हातारीमुळं.

तेव्हा मी भालकीच्या पुढं, मांजरा नदीच्या अंगाला असलेल्या एका गावात मिशनच्या शाळेत शिकवत होते. जुनी दगडी इमारत, पुढं चिंच, मागं हापसा. अर्धे वर्ग मराठी, अर्धे कन्नड आणि मधल्या सुट्टीत दोन्हींची मिळून झालेली खिचडी. मुख्याध्यापिका रूथ अक्का. सगळं गाव त्यांना नुसतं अक्का म्हणायचं. त्यांच्या घरी तीन पिढ्यांपासून येशू, पण लुगडं नेसण्यापासून भाकरी थापण्यापर्यंत त्या इथल्याच मातीतल्या. त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला होता, मुली दहावीपर्यंत टिकल्या पाहिजेत. सातवी झाली की मुलगी शेतावर नाही तर सासरी, अशी गावाची रीत. ती मोडली व्यंकटअण्णांनी. अण्णा गावातले वजनदार शेतकरी. त्यांनी आपली लेक भाग्यश्री नववीत बसवली, तसं बाकीच्यांनीही आपापल्या मुली पाठवल्या. अक्का म्हणायच्या, "अण्णा हाय मनून पोरी हायत. अण्णा हलला की वर्ग रिकामा."

त्या हिवाळ्यात शाळेत कोरियाची मंडळी आली. त्यांच्याकडच्या कुठल्याशा खेड्यातल्या चर्चनं पाठवलेली. नाताळच्या थोडं आधी यायचं, शाळेला रंग द्यायचा, मुलांना शिकवायचं, खेळवायचं आणि जानेवारीत परत जायचं. मी मुळात पाहुण्यांच्या विरोधात. आजवर आलेले पाहुणे मुलांना ओळीत उभं करत, फोटो काढत, बिस्किटं वाटत आणि जाताना आमच्याच बसची वेळ आम्हाला विचारत. त्यामुळं दुभाषी म्हणून माझं नाव पुढं आलं तेव्हा मी कपाळाला आठ्या घालूनच होकार दिला.

या पाहुण्यांनी पहिल्याच दिवशी माझी पंचाईत केली. वर्गाच्या दाराशी आले आणि न सांगता चपला-बूट काढून ओळीनं ठेवले. मुलाच्या हातात खडू द्यायचा तरी दोन्ही हातांनी, किंचित वाकून. ही गोष्ट गावभर गेली. "दोनी हातानं देतेत बगा," असं बाया हापशावर एकमेकींना सांगू लागल्या. आठवड्याभरात पोरंही गृहपाठाची वही दोन्ही हातांनी, कमरेत वाकून माझ्यापुढं धरू लागली. गृहपाठ मात्र पूर्वीइतकाच अर्धवट असायचा.

त्यांच्यात सगळ्यांत मोठ्या पार्क आजी. सत्तरीच्या, बुटक्या, उन्हानं रापलेल्या, कुरळे केस आखूड कापलेले. बोलायच्या फक्त कोरियन. त्यांचं बोलणं मिन्जी नावाची कॉलेजातली मुलगी इंग्रजीत आणायची, ते मी मराठीत आणायची आणि कन्नड वर्ग असला की अक्का पुढं न्यायच्या. आजींनी विनोद केला की आधी मिन्जी हसायची, मग मी, मग मराठी पोरं आणि सगळ्यांत शेवटी कन्नड पोरं. तोवर आजी पुढच्या कामाला लागलेल्या असत. पण शेवटचं पोरगं हसलं की हातातलं काम थांबवून त्या एकदा मागं वळून बघायच्याच.

रंगकाम सुरू झालं आणि मला कळलं की ही माणसं हौशी नाहीत. भिंती खरवडून, धुऊन, वाळवून मग रंग. आजी उकिडव्या बसून खालची पट्टी रंगवायच्या आणि तासन्तास तशाच बसायच्या. "आपल्यासारखीच बसती की म्हातारी," म्हणून गावातल्या बाया बघायला यायच्या. त्यांच्या चर्चमधली बहुतेक माणसं भाताची शेती करणारी होती, हे मला नंतर कळलं. आमच्या शाळेत जेवण शिजवणाऱ्या बाईनं एकदा पाहुण्यांची गंमत करायची म्हणून जळजळीत ठेचा वाढला. पार्क आजींनी तो भाकरीवर पसरून खाल्ला आणि अजून मागितला. ती बाई दोन दिवस नाराज होती.

सकाळी अंधार असतानाच ते सगळे एका वर्गात बसून प्रार्थना करायचे. आवाज हळू, पण हिवाळ्याच्या हवेत लांबवर जायचा. शेताकडं निघालेले लोक थांबून ऐकायचे. मला तो आवाज आवडायला लागला होता. काय म्हणतात ते कळत नसल्यामुळं जास्तच. संध्याकाळी मुलं त्यांना खो-खो शिकवायची, ती मंडळी मुलांना कागदाची बगळ्यासारखी पाखरं करायला शिकवायची. गावातल्या प्रत्येक घराच्या खुंटीला एकेक पाखरू लटकायला लागलं. नाताळला शाळेत केक आला आणि त्याबरोबर शेजारपाजारच्या घरांतून पुरणपोळ्या, शेंगापोळ्या, एका घरून शिरखुर्मासुद्धा. आजींनी सगळ्याची चव घेतली. एवढं खाऊन, एवढं काम करून त्या रात्री कशा झोपत असतील याचा मी विचार करायची. मिन्जी म्हणाली, "घोरतात."

पण गाव म्हटलं की सगळीच माणसं पुरणपोळी घेऊन येत नाहीत. पारावर कुजबुज सुरू झाली होती. पहाटेची प्रार्थना, फुकटचा रंग, परक्या माणसांचं इतकं गोड वागणं. यांना काय पाहिजे? अण्णांचे धाकटे भाऊ बाबुराव उघडच बोलायचे, "बाटवायला आलेत. पोरी त्यांच्या नादाला लागल्यावर रडू नका." अक्कांनी पाहुण्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, मुलांना प्रार्थना शिकवणं नाही, पुस्तकं वाटणं नाही. त्यांनी ते अक्षरशः पाळलं होतं. पण संशयाला पुरावा कशाला लागतो? दोन मुली शाळेत यायच्या बंद झाल्या. अण्णा अजून गप्प होते आणि अक्कांना त्यांच्या गप्प राहण्याचीच धास्ती होती.

अशात येळवस आली. अण्णा स्वतः शाळेत आले, चिंचेखाली उभे राहिले आणि म्हणाले, "अक्का, पावण्यांना घेऊन शेतात या येळवशीला. समदे या." अक्कांचा चेहरा उजळला. शेतातल्या पंगतीला बसलेला माणूस परका राहत नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. गावासमोर सगळे एका पंगतीला जेवले की बाबुरावांचं तोंड आपोआप बंद.

आदल्या संध्याकाळी मी मिन्जीला सणाची माहिती देत होते. खोप, पांडव, नैवेद्य. ती ऐकता ऐकता अवघडली. म्हणाली, "आजी देवापुढं ठेवलेलं अन्न खात नाहीत. त्या पंगतीत खोटं खोटंही खाणार नाहीत. नाही म्हणतील आणि का ते सांगतील."

मला राग आला. इतक्या दिवसांची मेहनत एका घासावरून जाणार? मी तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा मिन्जीनं पार्क आजींची गोष्ट सांगितली. आजी घरातली थोरली सून. त्यांच्याकडं पूर्वजांचं पान वाढायची रीत असते, ते सगळं रांधायचं काम थोरल्या सुनेचं. आजींनी तरुणपणी येशूला जवळ केलं आणि सासूला सांगितलं, मी रांधीन सगळं, पण त्या पानापुढं वाकणार नाही आणि त्यातलं खाणार नाही. सासूनं रांधू दिलं. पण ताट हातात घेऊ दिलं नाही, कुणाला वाढू दिलं नाही. पंगत बसायची, आजी स्वयंपाकघरात भांडी घासायच्या. सासू मरेपर्यंत हेच चाललं आणि तिच्यानंतर घरातली ती रीतच बंद पडली. "त्यांना सासू फार आवडायची," मिन्जी म्हणाली, "म्हणून त्या त्याविषयी कधी वाईट बोलत नाहीत."

माझा राग गेला असं नाही, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. मी अक्कांकडं गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, "अक्का, तुम्हीपण खाता की येळवशीचं. तुम्ही सांगा त्यांना."

"मी खाते. लहानपणापासून खाते. येशूनं मला अजून काय विचारलं न्हाई," त्या म्हणाल्या. "पण तिला विचारलं असंल. तिचं तिच्यापाशी."

"मग पाहुण्यांना बरं नाही म्हणून सांगू?"

"सणादिवशी खोटं कामून बोलायचं ग?" तांदळातला खडा त्यांनी अंगणात भिरकावला. "सकाळी लवकर निघू. आपणच जाऊन सांगू अण्णाला. त्यानं पोरी काढल्या तर काढू दे. निदान खोटं बोलून ठिवल्या नव्हत्या, असं तर होईल."

हे बोलणाऱ्या बाईनं उन्हातान्हात दारोदार हिंडून, पदर पसरून एकेक मुलगी शाळेत आणली होती. एवढी वर्षं त्यांच्या हाताखाली काम करून मला त्यांचा खरा ताठा दिसला तो त्या सुपामागं बसलेल्या असताना.

सकाळी आम्ही दोघी पायवाटेनं निघालो. जोंधळा कमरेच्या वर आलेला, पानांवर दव, तूर काढणीला आलेली आणि तिचा तो वाळक्या शेंगांचा खुळखुळ आवाज. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया पुढं-मागं चाललेल्या. प्रत्येक टोपली धडप्यानं झाकलेली आणि प्रत्येकीतून भज्जीचा वास. अण्णांच्या शेतात खोप उभी होती. अण्णांच्या बायको गंगाकाकू तीन दगडांच्या चुलीवर मोठी कढई हलवत होत्या. बाबुराव पांडवांना चुना लावत होते.

अक्कांनी उभ्या उभ्याच सांगितलं. आडवळण नाही, हात जोडणं नाही. पाहुणी म्हातारी देवाला दाखवलेलं खात नाही, तिच्या मनाचा नेम आहे, मी तिला जबरदस्ती करणार नाही आणि तुमच्यापासून लपवणारही नाही.

बाबुरावांनी चुन्याची वाटी खाली ठेवली. "बघा," ते म्हणाले. "आपल्या शेतात येऊन आपलाच देव नको."

अण्णा लांब विहिरीकडं बघत राहिले. मी अण्णांना ओळखत होते, त्यांचं असं बघणं चांगलं नव्हतं.

गंगाकाकूंनी उलथनं थांबवलं. त्यांनी अक्कांना एकच विचारलं, "देवाला दावल्यालं खात न्हाई, का आमच्या हातचं खात न्हाई?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. माझी आजी सांगायची, येळवशीला गावात कुणी उपाशी राहायचं नाही हे खरं. पण कुणी कुठं बसायचं आणि कुणाला किती वरून वाढायचं हेही ठरलेलं असायचं. हातचं खाणं-न खाणं ही आमच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या सोसलेली गोष्ट. आज तोच प्रश्न दुसऱ्या बाजूनं येत होता आणि विचारणाऱ्या बाईच्या डोळ्यांत तेच दुखावलेपण होतं जे मी आजीच्या डोळ्यांत बघितलं होतं. मला गंगाकाकूंचं वाईट वाटलं, मनापासून वाटलं.

अक्का म्हणाल्या, "हातचं खाती. आवडीनं खाती. दावल्यालं तेवढं न्हाई."

"मग त्येला काय," गंगाकाकू म्हणाल्या आणि उलथनं परत फिरायला लागलं. "आदी वाढते की."

"पूजेच्या आदी?" अण्णा आता वळले. "कुणी खाल्लंय का कदी?"

"लेकरं खात्यात की. नैवेद्य व्हायचाय मनून रडणाऱ्या लेकराला उपाशी ठिवतो व्हय आपण? देतोच की हातावर."

"ती लेकरू हाय का? सत्तरीची हाय."

"आपल्याकडं आल्याला कितीकसे दिस झाले तिला? लेकरूच की." कढईवर झाकण ठेवून त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "देव घरचाच हाय. थांबंल. पावणी कुठं थांबती."

बाबुराव काहीतरी म्हणणार होते. अण्णांनी त्यांच्याकडं बघितलं आणि त्यांनी चुन्याची वाटी परत उचलली. मग अण्णा अक्कांना म्हणाले, "बोलवा समद्यांना. ऊन व्हायच्या आत."

मी शाळेकडं जवळजवळ पळतच गेले. आजही ती पायवाट आठवली की मला माझ्या चपलांचा आवाज आधी आठवतो.

पाहुणे लिंबाखाली बसले. शेतातली सगळी माणसं उभी राहून बघत होती, कारण अशी पंगत कुणी पाहिली नव्हती. खोपीतला देव अजून उपाशी आणि समोर परदेशी माणसं जेवतायत. मिन्जीनं आजींना सगळं समजावलं होतं. आजींनी आधी डोळे मिटून स्वतःशी काहीतरी म्हटलं, मग गंगाकाकूंकडं बघून बसल्या जागी खोल वाकल्या आणि जेवायला लागल्या. भज्जी बोटांनी, न सांडता. अंबील प्यायल्यावर त्या थांबल्या, परत प्यायल्या आणि मिन्जीला भराभरा काही सांगू लागल्या. त्यांच्याकडंही धान्य आंबवून असंच काहीतरी करतात म्हणे. गंगाकाकूंनी न विचारता तिसऱ्यांदा ओतली. जेवणाऱ्याला तिसऱ्यांदा वाढताना आमच्याकडच्या बाईच्या चेहऱ्यावर जो भाव येतो त्याला मराठीत शब्द नाही. तो बघायला येळवशीलाच यावं लागतं.

मग पूजा झाली. पाहुणे बाजूला, बांधावर शांत उभे राहिले. माझंही तसंच असतं, मीही बांधावरच उभी होते. अण्णांनी नारळ फोडला, पोरांनी जोंधळ्यावर अंबील शिंपडत, अर्थ कुणालाच धड सांगता येत नाही अशी ती पिढीजात आरोळी ठोकत शेताला फेरी घातली. पार्क आजी सगळं बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर तिरस्कार नव्हता, कौतुकाचं नाटकही नव्हतं. शेजारच्या घरातलं लग्न बघावं तसं त्या बघत होत्या.

नंतर गावाची पंगत बसली. अण्णा, बाबुराव, शेजारच्या शेतातली माणसं, बाया, पोरं, अक्का, मी. गंगाकाकू आणि दोघीतिघी वाढायला लागल्या. एवढ्यात पार्क आजी बांधावरून उतरल्या, कढईपाशी गेल्या आणि दोन्ही हात पुढं केले. पळी मागत होत्या. गंगाकाकूंना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्यांनी पळी दिली.

देवाला दाखवलेलं अन्न. जे त्या खाणार नव्हत्या, ते वाढायला निघाल्या होत्या. पहिलं ताट अण्णांचं. अण्णांनी घेतलं. दुसरं बाबुरावांचं. बाबुरावांनी ताटावर हात आडवा धरला.

नको असलं की आपण सगळेच असा हात धरतो. पण पोट भरल्यावरचा हात वेगळा आणि ताट कोरं असतानाचा वेगळा. सगळी पंगत थांबली. आता ते उठले तर पंगत मोडणार, हे प्रत्येकाला कळत होतं. अक्कांनी मान खाली घातली. पार्क आजी वाकलेल्याच राहिल्या, पळीतली भज्जी ताटाच्या वर अधांतरी. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, पण त्या मागं सरकल्या नाहीत.

गंगाकाकूंनी विचारलं, कामून रडायली? मी ते मिन्जीला विचारलं. मिन्जीनं मला सांगितलं, मी मोठ्यानं मराठीत सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, की सासूनं त्यांना सणाचं कधी वाढू दिलं नाही. रांधलं त्यांनी, जन्मभर. पण पंगतीत वाढायला आज पहिल्यांदा मिळतंय.

गंगाकाकू आजींच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. दिराकडं बघितलंसुद्धा नाही.

"वाढ मनावं तिला," त्या म्हणाल्या. "हितं कुणी उटणार न्हाई."

बाबुरावांच्या शेजारी त्यांची पुतणी भाग्यश्री बसली होती. तिनं काका काय करतात ते बघितलं नाही. आपलं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि किंचित वाकून आजींपुढं धरलं. आजींनी वाढलं. मग पुढच्या मुलीनं तसंच धरलं, मग तिच्या आईनं. पळी पुढं पुढं गेली. शेवटापर्यंत जाऊन आजी परत आल्या तेव्हा बाबुरावांचा हात मांडीवर होता. त्यांनी वर बघितलं नाही. पण ताट रिकामं होतं आणि आजींनी ते भरलं.

त्यानंतर काय काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. लिंबाच्या सावलीत अण्णा आणि पार्क आजी जमिनीवर काटकीनं आपापल्या शेताचे आकार काढून एकमेकांना दाखवत होते, दुभाष्याशिवाय. कोरियन पोरं बोरं वेचत होती. अक्का खोपीच्या सावलीत पदर तोंडावर घेऊन गाढ झोपल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना दिवसा झोपलेलं कधी बघितलं नव्हतं. परत येताना उतरत्या उन्हात हरभऱ्याची फुलं निळसर-गुलाबी दिसत होती.

मी कौतुक करण्यात कंजूष आहे, माझ्या मुली मला ते ऐकवतात. पण त्या दिवसाचं मला आजही मनापासून कौतुक वाटतं. पार्क आजींचं वाटतं, कारण आपलं मन न मोडता दुसऱ्याच्या पंगतीत कसं उतरावं ते त्यांना येत होतं. अक्कांचं वाटतं, कारण सगळं जायची वेळ आली तरी त्यांनी खोट्याचा आधार घेतला नाही. आणि गंगाकाकूंचं सगळ्यांत जास्त. श्रद्धेच्या नावावर माणसं किती मोठमोठी भांडणं मांडतात. त्या बाईनं फक्त जेवणाची वेळ अलीकडं ओढली. देवालाही त्यात काही वावगं वाटलं नसावं, त्या वर्षी जोंधळा बक्कळ झाला.

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी शाळा भरते ती नावाला. पोरं सुस्तावलेली असतात, घराघरांत शिळी भज्जी असते आणि ती आदल्या दिवसापेक्षा चांगली लागते. त्या सकाळी अक्का घंटेच्या आधीच फाटकाशी येऊन उभ्या होत्या. मी त्यांच्या शेजारी. रस्ता मोकळा होता आणि आम्ही दोघी त्याच्याकडं बघत होतो.

मग वळणावर निळे गणवेश दिसले. भाग्यश्री पुढं, तिच्या मागं बाकीच्या. यायच्या बंद झालेल्या दोघीही त्यांच्यात होत्या. अक्कांनी माझा हात धरला आणि लगेच सोडला.

भाग्यश्रीच्या हातात स्टीलचा डबा होता. ती सरळ फाटकाच्या आत, चिंचेखाली उभ्या असलेल्या पार्क आजींपाशी गेली, दोन्ही हातांनी डबा पुढं केला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "टीचर, त्यांना सांगा, भज्जी हाय. आईनं काल पूजेच्या आदीच काडून ठिवली होती."